सहा वाजताचं पितळी बटण

पिल्चर हेड्सच्या माणसाला वेळ विचारू नये. विचारलीच तर तो आधी तुम्हालाच विचारेल, "आमची की पलीकडची?" गावाच्या मधून एक रस्ता जातो. रस्त्याच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे क्वीन्सलँड. हिवाळ्यात काही तंटा नसतो. पण इथला उन्हाळा ऑक्टोबरपासून. त्याचा पहिला रविवार उजाडला की संध्याकाळी जास्त उजेड मिळावा म्हणून अलीकडचे लोक आपली घड्याळं तासभर पुढे करतात आणि पलीकडचे करत नाहीत. जास्तीच्या उन्हानं खिडकीच्या पडद्यांचे रंग उडतात, असं तिकडचं कोणीतरी कधीकाळी म्हणालं होतं म्हणे. अलीकडचे लोक ते अजून चघळतात. मग सहा महिने हाच खेळ. घर अलीकडे, दंतवैद्य पलीकडे आणि दुखरा दात घेऊन माणूस रस्त्याच्या मधोमध बोटं मोजत उभा.

केरिन ट्रेलोर याच गावात वाढली. त्यामुळे पुढे जे झालं ते तिला आधीच कळायला हवं होतं, असं नंतर सगळे म्हणाले. नंतर म्हणायला काय जातं!

केरिन स्क्रीन बसवते. दुकानांत, दवाखान्यांत, हॉटेलांत भिंतीवर ज्या रंगीत पाट्या चालू असतात, आज काय स्वस्त, कुठल्या खोलीत कोणाचा वाढदिवस, त्या. पंधरा वर्षं तिनं हे काम ब्रिस्बेनच्या एका मोठ्या कंपनीत केलं. साहेबाशी भांडून बाहेर पडली, एक जुनी व्हॅन घेतली, तिच्यावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं. पिल्चर हेड्सच्या अलीकडच्या बाजूचा माजी सैनिकांचा क्लब हे तिचं स्वतःचं पहिलं मोठं काम. तीन मजले, सत्तावीस स्क्रीन. खाली बार, जेवणाची जागा आणि मोठा हॉल. मधे बिंगोचा, म्हणजे आकड्यांच्या हाऊजीचा, हॉल. वर घोड्यांच्या शर्यतींची खोली.

पण या क्लबात स्क्रीन बसवणं म्हणजे नुसते खिळे ठोकणं नव्हे. इथे रोज संध्याकाळी सहाला सगळं थांबतं. बिअरचा नळ थांबतो, काटे-चमचे थांबतात, दिवे मंद होतात. मोठ्या हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर एक ज्योत आहे, तिच्याकडे तोंड करून सगळे उभे राहतात. युद्धात गेलेल्यांसाठी कोणीतरी चार ओळी म्हणतं, बिगुल वाजतो, मग एक मिनिट शांतता. इथे दारू पिऊन भिंती धरून चालणारा माणूससुद्धा त्या मिनिटात सरळ उभा असतो.

बावीस वर्षं ते 'कोणीतरी' म्हणजे शॉर्टी हॅगर्टी. उंची सव्वासहा फुटांच्या वर, म्हणून नाव शॉर्टी, म्हणजे बुटका, इथली उलटी रीतच तशी. वय सत्त्याहत्तर. विसाव्या वर्षी व्हिएतनामला गेला, तिथं टेलिफोनच्या तारा टाकायचं काम त्याच्याकडे होतं. चौघा सोबत्यांबरोबर तारेचं रीळ उचलून गेला, आणि परत एकटा आला. त्याबद्दल तो बोलत नाही, कोणी विचारतही नाही. पण सहा वाजताचं सगळं तोच करायचा. गर्दीत लिफ्ट मिळायची नाही, म्हणून पावणेसहाला जिन्यानं वरच्या मजल्यावर जायचं, तिथले टीव्ही एकेक करून बंद करायचे, मग मधला मजला, मग खाली बार. सगळ्यात शेवटी ज्योतीशेजारचं जुनं पितळी बटण खाली पाडून हॉलचे दिवे घालवायचे आणि धापा टाकत ओळी म्हणायच्या.

मग गुडघे गेले. गेल्या जुलैत एका संध्याकाळी तो वरचा एक टीव्ही विसरला. भर शांततेत जिन्यावरून आवाज घरंगळत खाली आला, चार नंबरचा घोडा आतल्या बाजूनं पुढे घुसतोय! शॉर्टी ज्योतीसमोर तसाच उभा राहिला, पण त्याची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं कमिटीला दोन ओळींचं पत्र दिलं, की आता हे माझ्याच्यानं होत नाही.

कमिटीचा उपाध्यक्ष वॉरिक पाईक त्या पत्राची वाटच बघत होता. त्याचं फर्निचरचं दुकान आहे, आणि दुकानात त्याला जसा नवा माल हवा असतो तसाच क्लबातही. सिडनीची एक कंपनी म्हणे सगळं तयार देते, बिगुल, शांतता आणि एका भारदस्त नटाच्या आवाजात त्या चार ओळी. माणसाची गरजच नाही. "शॉर्टीलाही आराम," वॉरिक म्हणाला. दुसऱ्याला आराम देण्याच्या बाबतीत हा माणूस फार उदार.

जेवणघराची प्रमुख नोलीन कमिटीवर आहे. ती उसळली. "मशीननं श्रद्धांजली वाहायची आणि आपण श्निट्झेल खायचं? आधी त्याची धावपळ बंद करा. स्क्रीनच आपोआप गप्प होतील असं काहीतरी करा. तो तिथं उभा राहून बोलेल." तिनंच केरिनचं नाव सुचवलं. बरीच वादावादी होऊन ठरलं ते असं: केरिनच्या स्क्रीन ऑगस्टमध्ये लावायच्या. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, जोडून सुट्टी असल्यामुळे क्लब खच्चून भरलेला असतो, त्या दिवशी सहा वाजता सगळं बिनचूक झालं तर शॉर्टी राहील. एक जरी स्क्रीन भलत्या वेळी बोलली, तर सोमवारपासून सिडनीचा आवाज.

पहिल्या दिवशी केरिन त्याला 'मिस्टर हॅगर्टी' म्हणाली. शॉर्टीनं वळून मागे बघितलं, आपला बाप कबरीतून उठून आला की काय म्हणून. त्यानंतर ती त्याला शॉर्टीच म्हणू लागली. तो रोज शिडीच्या पायथ्याशी उभा राहून तिचं काम बघायचा आणि नको ते सल्ले द्यायचा. एकदा म्हणाला, "बाकी ठीक आहे पोरी, पण माझं बटण कुठाय?"

"बटण नाहीच! सहाला अर्धं मिनिट कमी असताना सगळ्या स्क्रीन आपोआप काळ्या होणार, त्यांच्यावर ज्योत दिसणार, दिवे मंद होणार, ओळींपुरतं थांबून बिगुल वाजणार. तुला आता कशालाच हात लावायचा नाही."

"कशालाच नाही?"

"कशालाच नाही. ऐष कर."

शॉर्टीनं हात खिशात घातले. केरिनला वाटलं, म्हातारा खूश झाला. ती शिडीवर चढली आणि गाणं गुणगुणत पुढची स्क्रीन टांगू लागली.

ऑगस्ट, सप्टेंबर दृष्ट लागावी असे गेले. रोज सहाला सत्तावीसच्या सत्तावीस स्क्रीन शिस्तीत गप्प. केरिननं प्रत्येक विभागाला एकेक रिमोट देऊन ठेवला, आवाज कमी-जास्त करायला. स्क्रीनवर वेळ मात्र कुठंच दाखवायची नाही असा कमिटीचा ठरावच होता, कारण दाखवायची तर कोणाची, यावर तीन सभा झाल्या होत्या. बारवर आपली दोन जुनी घड्याळं होती, एक आमचं आणि एक पलीकडचं, तेवढी पुरे.

शनिवारी संध्याकाळचे सहा बिनचूक उरकल्यावर केरिननं यंत्रांचं माहितीपुस्तक उघडलं. उद्या घड्याळं बदलणार. ही यंत्रं आपण होऊन तासभर पुढे जातात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण सरहद्दीवरच्या माणसाचा असल्या पुस्तकावर विश्वास बसत नाही. तिनं क्लबात जाऊन लॅपटॉपवरून सगळ्या स्क्रीनची घड्याळं एक तास पुढे केली आणि निवांत झोपली.

रविवारी दुपारी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. बिंगोच्या हॉलमध्ये दीडशे माणसं, पेनं उगारून बसलेली. आयव्ही नावाच्या एका आजीबाईंना फक्त एक आकडा हवा होता, त्यांनी श्वास रोखून धरला होता. बारवरच्या आमच्या घड्याळात चार वाजायला आले होते. आणि आकड्यांची स्क्रीन काळी झाली. दिवे मंदावले. काळ्या स्क्रीनवर ज्योत उगवली आणि बिगुल वाजू लागला.

खरं तर लोकांनी हसायला हवं होतं. बाहेर लखलखीत ऊन होतं. पण बिगुल तो बिगुल. दीडशे माणसं खुर्च्या सरकवून उठली, हातातली पेनं तशीच. आयव्हीबाई एका आकड्यासाठी अडकलेल्या, त्याही उठल्या. खाली बारमध्ये अर्धा भरलेला ग्लास नळाखाली तसाच राहिला. जेवणघरात एका माणसाच्या तोंडात बीटाची चकती होती, ती त्यानं चावली नाही की गिळली नाही. आणि ज्योतीसमोर कोणीच नव्हतं. शॉर्टी बाहेर बाकावर पाय पसरून ऊन खात बसला होता. त्यानं बिगुल ऐकला, धडपडत उठला आणि दारापर्यंत येईतो शांतता संपली, दिवे लागले आणि क्लबात नुसता गलका उसळला.

"हे काय चाललंय?"

"पलीकडच्यांची वेळ असेल!"

"पलीकडे आत्ता तीन वाजलेत, अक्कल गहाण टाकलीस का?"

"माझा आकडा!" आयव्हीबाई ओरडल्या. "एक आकडा हवा होता मला!"

केरिन जिन्याखालच्या नियंत्रणाच्या कपाटाकडे धावली. लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला. बऱ्याचशा स्क्रीन दोन तास पुढे होत्या. उरलेल्या एक तास. एक तासाचा हिशेब लगेच लागला. यंत्र आपण होऊन पुढे गेलं होतं आणि वर हिनं ढकललं होतं. पण दोन तास?

ती जेवणघरात आली. "स्क्रीनच्या घड्याळाला कोणी हात लावलाय का?"

"मी लावला!" नोलीन अभिमानानं म्हणाली. "सकाळी आल्या आल्या. म्हटलं, तू विसरली असशील."

"मी पण," बारवाला म्हणाला. "रिमोटवर 'एक तास पुढे' असं बटण सापडलं मला. वेळ काही दिसेना."

बिंगोचे आकडे पुकारणारा माणूस लाजला. झाडझूड करणाऱ्या बाईनं वरच्या मजल्यावरचं काम आपण कसं नीट केलं ते सविस्तर सांगितलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट. दुसऱ्या कुठल्या गावात घड्याळ पुढे करायला माणसं विसरली असती. इथे प्रत्येकाला आठवलं होतं.

रागवायचं तरी कोणावर? केरिनला हसूही येईना आणि रडूही. तिनं कपाटाशी परत जाऊन सहा वाजताचं सगळं वेळापत्रकच यंत्रातून पुसून टाकलं. निदान आता ते भलत्या वेळी बोंबलणार नाही.

वळली तर मागे वॉरिक पाईक उभा. हातात कागदाची घडी. सिडनीच्या कंपनीचा करार त्यानं खिशातच घालून आणला होता, एवढी त्याची केरिनच्या कामावर श्रद्धा.

"दोन तास आधी," तो म्हणाला. "वाईट वाटतं गं मला. खरंच."

"सहा अजून वाजायचेत, वॉरिक."

"ते कितीदा वाजणार आहेत आज?"

"ठरलं होतं सहाचं."

"ठरलं होतं बिनचूकचं. पण असू दे. सहाला बघू. सातला कमिटी बसतेय." कागद परत खिशात गेला.

केरिन जिन्याच्या पायरीवर बसली. सत्तावीस घड्याळं नीट लावता आली असती. पण इमारतीत सात रिमोट फिरत होते आणि प्रत्येक रिमोटच्या मागे एक मदतीला तयार माणूस. आज सांगून थांबतील. एप्रिलमध्ये घड्याळं परत मागे येतील तेव्हा पुन्हा आठवेल सगळ्यांना. तिला स्वतःचीच लाज वाटली. पंधरा वर्षांचा अनुभव घेऊन तिनं सहा वाजण्याची गोष्ट घड्याळाच्या स्वाधीन केली होती, तीही पिल्चर हेड्समध्ये.

शॉर्टी सावकाश येऊन तिच्याजवळ उभा राहिला. ओरडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "बीट खाणाऱ्याला बघितलंस? दिवे लागले तरी गाल फुगवून उभा होता. बिचारा."

"शॉर्टी, सोमवारपासून तुला काढतील. माझ्यामुळे."

"हं." तो भिंतीला टेकला. "खरं सांगू? दोन महिने मी तिथं उभा राहतोय, पण सारखं लक्ष वर. आता काळं होईल, आता होईल. परवा शिंकलो आणि तेवढ्यात झालं. यंत्र पुढे आणि मी त्याच्या मागे धावतोय. आधी जिन्यावर धावायचो, आता उभ्या उभ्या धावतो."

केरिननं मान वर केली. खिशात हात घालून उभा असलेला तो म्हातारा तिला पहिल्यांदा नीट दिसला. ही त्याची धावपळ थांबवायला निघाली आणि त्याच्या हातातलंच काढून घेतलं. माझं बटण कुठाय, असं तो विचारत होता आणि ही शिडीवर गाणं म्हणत होती.

"शॉर्टी," ती उठून उभी राहिली. "आगीची घंटा."

"कुठं लागली?"

"लागली नाही रे! आग लागली की सगळ्या स्क्रीन एका क्षणात बदलतात, बाहेर जा असे बाण दिसतात. पहिल्याच आठवड्यात अग्निशमनवाल्यांसमोर करून दाखवलंय मी. आग काही घड्याळ बघत नाही. आगीच्या बटणाची तार थेट या कपाटात येते. तशीच दुसरी तार टाकायची, आणि बाणांऐवजी ज्योत. तुझं ते पितळी बटण आहे ना भिंतीवर?"

"आहे. मेलेलं आहे. तूच मारलंस."

"चल, जिवंत करू."

कपाटापासून ज्योतीपर्यंत तीस पावलं. व्हॅनमध्ये तारेचं रीळ होतं. केरिननं ते आणून जमिनीवर ठेवायच्या आत शॉर्टीनं उचललं. "तू खाली वाक आणि चिकटव. तार मी सोडतो. तार सोडणं मला शिकवू नकोस."

मग सगळ्या क्लबानं बघितलं की केरिन गुडघ्यांवर रांगत गालिच्याच्या कडेनं तार दाबत चालली आहे आणि तिच्यामागून सव्वासहा फुटी शॉर्टी रीळ पोटाशी धरून हळूहळू तार सोडतो आहे, ना ढिली, ना ताणलेली. लोक ग्लास घेऊन वाटेतून बाजूला होत होते.

"काय शॉर्टी, मासे धरतोयस का?"

"तुझ्यासारखा एक मोठा मासा लागलाय, पाय उचल!"

बटणापाशी पोचल्यावर केरिन तार सोलायला लागली, पण चाकू घसरून आतल्या तांब्यालाच चीर गेली. शॉर्टीनं तिच्या हातातून चाकू घेतला. खिशातला चष्मा नाकावर चढवला, दोन्ही टोकं सोलली, पीळ दिला, पितळी बटणाच्या मागे आवळली. बोट हललं नाही. "गुडघे म्हातारे झालेत," तो म्हणाला, "बोटं नाही."

बारच्या आमच्या घड्याळात पाच वाजायला आले होते. केरिन कपाटाशी बसून तारेला यंत्रात जागा करून देत होती, तेवढ्यात कुठूनतरी बारीक आवाजात बिगुल वाजू लागला.

 वेळापत्रक तर पुसलं होतं! ती आवाजाच्या मागे धावली. आवाज लिफ्टमधून येत होता. लिफ्टच्या आतली स्क्रीन. लिफ्ट मधे कुठंतरी असताना तिच्यापर्यंत पुसण्याचा निरोप पोचलाच नव्हता, आणि लिफ्टमधल्या घड्याळाला कोणी मदत न केल्यामुळे ती बरोबर एकच तास पुढे होती. लिफ्टचं दार उघडलं. आत काळ्या स्क्रीनवर ज्योत आणि तिच्यासमोर ताठ उभा वॉरिक पाईक, हात मांड्यांना चिकटलेले. बाहेरच्यांनी बघितलं. दार बंद झालं. कोणीतरी वरून बोलावल्यामुळे लिफ्ट वर गेली, तिथं उघडली, वरच्यांनीही बघितलं. मग परत खाली. दार उघडलं, वॉरिक अजून ताठच. शांततेत हलायचं नाही म्हणजे नाही, तेवढं त्याच्यातही होतं.

मिनिट संपल्यावर तो लालबुंद होऊन बाहेर आला. "दुसऱ्यांदा! एकाच दुपारी दुसऱ्यांदा!"

"सहाला बघू, असं तूच म्हणालास," नोलीन म्हणाली. तिनं जेवणघरातली एक खुर्ची उचलून लिफ्टच्या दारात घातली. दार बंद होईना, लिफ्ट हलेना. "आता ही इथून कुठं जात नाही. केरिन, पाठव तुझा निरोप."

साडेपाचला सगळं जोडून झालं. केरिन घामानं भिजली होती. शॉर्टीनं विचारलं, "एकदा दाबून बघायचं?"

केरिननं हॉलकडे नजर टाकली. चारशे माणसं. पुन्हा बिगुल वाजला तर पुन्हा उठतील सगळी. "सहा धरून एका दिवसात तीनदा उठवलं तर ते मला जिवंत ठेवतील का?"

"नाही."

"मग नाही बघायचं."

एवढं मोठं काम चाचणी न घेता सोडण्याचा प्रसंग तिच्यावर आयुष्यात आला नव्हता. ब्रिस्बेनच्या साहेबानं ऐकलं असतं तर त्याला फेफरं आलं असतं. ती कपाटाच्या दाराशी उभी राहिली, तिथून हॉलही दिसत होता आणि वर जाणारा जिनाही. वॉरिक जिन्याच्या मधल्या वळणावर जाऊन थांबला होता, वरचा आवाज ऐकायला बरोबर जागा धरून.

शॉर्टीनं केस पाण्यानं बसवले होते. कोटावर पदकं लावली होती. तो ज्योतीशेजारी उभा राहिला, मनगट डोळ्यांसमोर धरलं. जुनं किल्लीचं घड्याळ. सकाळी उठल्यावर त्यानं ते एक तास पुढे केलं होतं, एकदाच, स्वतःच्या हातानं.

वर शर्यत चालू होती. जिन्यावरून घोड्यांची नावं खाली येत होती, जुलैतल्यासारखीच. बिंगोचे आकडे, सोडतीत बक्षीस म्हणून मिळणाऱ्या मांसाच्या ताटांच्या जाहिराती, बारचा कोलाहल.  शॉर्टीनं घड्याळ बघितलं. खांदे मागे घेतले. पितळी बटणावर बोट ठेवलं आणि खाली पाडलं.

सगळं एकदम बंद झालं. आधी एक आणि मग दुसरं असंही नाही. तीन मजल्यांचा आवाज एका क्षणात गेला. वरचा घोडेवाला अर्ध्या शब्दावर तुटला. दिवे उतरले आणि सत्तावीस ठिकाणी ज्योत उभी राहिली. बारवर, बिंगोच्या हॉलमध्ये, शर्यतींच्या खोलीत, खुर्ची घातलेल्या लिफ्टमध्येसुद्धा. चारशे माणसं एका सरकत्या आवाजात उठली आणि मग तोही आवाज राहिला नाही.

शॉर्टी घाईत नव्हता. त्यानं त्या शांततेला जरा स्थिर होऊ दिलं. मग ओळी म्हटल्या. धाप नाही, अडखळणं नाही, नजर वर नाही. बावीस वर्षं ऐकणाऱ्यांनीही त्याचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. शेवटचे शब्द सगळ्यांनी त्याच्यामागून म्हटले आणि ते वरच्या मजल्यावरून, जिन्यावरून, स्वयंपाकघरातून परत आले. बिगुल वाजला. मग मिनिट.

बर्फाच्या यंत्रात एक खडा पडला तो सगळ्यांना ऐकू आला. केरिननं शॉर्टीकडे बघितलं. त्याचे ओठ हलत होते. चार नावं होती, हे तिला मोजता आलं. चौथ्या नावानंतरही मिनिट उरलं होतं, तेव्हा तो नुसता उभा राहिला. केरिनच्या गालावरून पाणी ओघळलं आणि तिनं ते पुसलं नाही, कारण हलायचं नव्हतं.

शॉर्टीनं बटण वर केलं. दिवे आले, घोडे आले, आकडे आले. आणि मग क्लबात कधीच न झालेली गोष्ट झाली. सहा वाजताच्या शांततेनंतर कोणी टाळ्या वाजवत नाहीत, ते बरं दिसत नाही. कोणी वाजवल्याही नाहीत. पण बारवाल्यानं नळाखालचा पहिला ग्लास भरला, काउंटरवर न ठेवता तो स्वतः हॉलमधून चालत गेला आणि शॉर्टीच्या हातात दिला. मग मघाशी तारेला वाट करून देणारे सगळे एकेक करून त्याच्या खांद्यावर थाप मारत गेले. उंच खांदा, काहींना टाचा उचलाव्या लागल्या.

वॉरिक जिना उतरून खाली आला.  खिशातली कागदाची घडी काढली, चार तुकडे केले आणि नोलीनच्या हातातल्या उष्ट्या ताटात ठेवले. "सातची सभा नको," तो म्हणाला. मग जाता जाता केरिनला, "लिफ्टबद्दल कुठं बोलू नकोस." आता ते तिच्या हातात राहिलं होतं होय! तोवर पलीकडच्या राज्यातसुद्धा पोचलं होतं.

चारला तुटलेला आयव्हीबाईंचा डाव आता पुढे सुरू झाला. पहिलाच आकडा दुसऱ्या कोणाला लागला, पलीकडच्या एका बाईला, आणि त्यावरून वर जे भांडण पेटलं ते खालपर्यंत ऐकू येत होतं. सगळं जागच्या जागी आलं होतं.

केरिन ज्योतीजवळ आली. शॉर्टी ग्लास हातात घेऊन बटणाकडे बघत उभा होता. "तुला एक सांगू का पोरी," तो म्हणाला. "बावीस वर्षं शांतता मी सुरू करायचो, पण मी तिच्यात नसायचो, जिन्यावर धापा टाकत असायचो. दोन महिने मी तिच्यात होतो, पण सुरू करणारा मी नव्हतो. आज दोन्ही झालं."

 तिनं त्याच्या ग्लासातला एक घोट घेतला. पलीकडून आलेली काही मंडळी निघायच्या तयारीत होती, त्यातला एक बाप दोघांजवळ थांबला. घरी ठेवलेल्या पोरांना दाखवायला उद्या परत येईन म्हणाला. तेवढं एक विचारायचं होतं.

"उद्या किती वाजता?"

"सहाला," शॉर्टी म्हणाला.

"हो, पण कोणाच्या सहाला?"

शॉर्टीनं ग्लास खाली ठेवला आणि पितळी बटणावर हात ठेवला.

"माझ्या."